मुदत देणारा रोग

सरकारी नोकरीत ज्याचे उभे आयुष्य गेले, त्याला ‘मुदत’ या शब्दाचे मोल निराळे समजावून द्यावे लागत नाही. अपिलाची मुदत, हरकतीची मुदत, थकबाकी भरण्याची मुदत! आमची पस्तीस वर्षे या मुदती देण्यात आणि त्या टळून गेल्यावर आलेल्या माणसांचे पडलेले चेहरे पाहण्यात गेली. कायद्याला लोक निर्दय म्हणतात. परंतु कायदासुद्धा नोटीस बजावल्याशिवाय कोणाच्या घराला कुलूप लावीत नाही. रोगांचे तसे नसते. बहुतेक रोग चोरपावलांनी येतात आणि आपला मुक्काम पक्का झाल्यावरच ओळख देतात. त्यांत एकच रोग असा आहे की, जो येण्यापूर्वी आपल्या अंगावर दातांनी नोटीस लिहितो, तिचा दिवस आणि वेळ आपल्याला ठाऊक असते, आणि त्यानंतर तो काही आठवडे, कधी काही महिने स्वस्थ वाट पाहतो. या अवधीत योग्य ते केले तर त्याचा दावा निकाली निघतो. न केले तर मात्र त्या निकालावर अपील नाही. पिसाळलेल्या जनावराच्या चाव्याने होणारा रेबीज तो हाच.

आम्ही निवृत्तीनंतर करजगीस राहतो. अफझलपूर तालुक्यातील हे गाव. जिल्हा पूर्वीचा गुलबर्गा, २०१४ पासूनचा कलबुर्गी. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत हा मुलूख हैदराबाद राज्यात होता, पुढे तो कन्नड राज्यात आला. परंतु सोयरीक, बाजार आणि आजारपण यांसाठी आमची पावले अक्कलकोट-सोलापूरकडेही वळत राहिली. घरात मराठी, रस्त्यावर कन्नड, आणि जुन्या दप्तरांत उर्दू. त्यामुळे पिसाळलेल्या कुत्र्यालाही येथे दोन नावे आहेत. मराठी घरात ते ‘पिसाळलेले’, तर शेजारी ‘हुच्चु नायी’. नावे दोन असली तरी भय एकच.

आणि तरीही कुत्रा हा या मुलखाचा वैरी नव्हे, हे आधीच सांगितले पाहिजे. आमच्याच तालुक्यात भीमा-अमरजेच्या संगमावर गाणगापूर आहे. तेथे ज्या दत्तात्रेयांचे दर्शन घ्यावयाचे, त्यांच्या पायाशी चार कुत्री बसलेली असतात. भाविक त्यांना चार वेद मानतात. बीदर जिल्ह्यात मैलारला खंडोबाचे ठाणे आहे, आणि खंडोबाचे वाघ्ये तर स्वतःला देवाचे कुत्रे म्हणवून घेतात. काळभैरवाचे वाहनही कुत्राच. धनगराच्या वाड्यावर रात्री लांडगा आला तर पहिला अंगावर जातो तो कुत्रा. ज्या प्राण्याला वेदांच्या जागी बसविले आणि ज्याच्या भरवशावर मेंढरे सोडून झोप घेतली, त्याच्या लाळेतून मृत्यू यावा, ही या रोगाची विपरीत गोष्ट आहे. म्हणूनच त्याविषयी बोलताना कुत्र्यांचा द्वेष करणारे आणि कुत्र्यांवर माया करणारे असे दोन पक्ष चटकन पडतात, आणि ज्याला चावा बसला तो माणूस त्या वादात बाजूलाच राहतो.

हा माणूस कसा मरतो, हे आम्ही लहानपणी पाहिले आहे. साल १९७३ असावे. आमच्या चुलत्यांकडे एक सालगडी होता. पेरणीच्या सुमारास गावच्या एका कुत्र्याने त्याच्या पोटरीस दात लावले. जखमेत चुना आणि तिखट भरले, एका मांत्रिकाकडून विष ‘उतरवून’ घेतले, आठ दिवसांत खपली धरली आणि सर्वजण ती गोष्ट विसरले. विसरला नव्हता तो रोग. ज्वारीची पेरणी आटोपण्याच्या वेळेस त्या पोटरीत मुंग्या येऊ लागल्या. दोन दिवसांनी त्याने पाणी मागितले. तांब्या ओठांजवळ येताच त्याचा गळा असा आवळला की, तांब्या हातून उडाला. पुढे पुढे नुसते पाणी ओतल्याचा आवाज झाला, दारातून वाऱ्याची झुळूक आली, तरी तेच होई. आम्हांला आजही बोचते ते हे की, दोन झटक्यांच्या मधल्या वेळात तो पूर्ण शुद्धीवर असे. बैलांना वैरण घातली का, असे तो विचारी. तहान लागलेली, पाणी समोर, आणि ते पिता येत नाही. तिसऱ्या दिवशी पहाटे तो गेला. त्याच्या कारभारणीने घरातली पाण्याची सारी भांडी परसात नेऊन पालथी घातली होती.

‘जलत्रास’ हा शब्द सुश्रुताने आपल्या संहितेच्या कल्पस्थानात वापरला आहे, आणि पाण्याला भिणारा असा रोगी वाचत नाही, असा निर्वाळाही दिला आहे. दोन हजार वर्षांत त्या निर्वाळ्यात फारसा फरक पडलेला नाही. लक्षणे उमटल्यानंतर वाचलेली माणसे सगळ्या जगात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. कारण या विषाणूची चाल निराळी आहे. तो रक्तात मिसळून धावत नाही. जखमेजवळच्या मज्जातंतूत शिरतो आणि त्या वाटेने दिवसाला काही मिलिमीटर ते काही सेंटिमीटर असा मेंदूकडे सरकतो. पायाला चावा बसला तर वाट लांब. तोंडाला, मानेला किंवा हाताच्या बोटांना बसला तर वाट जवळची आणि मज्जातंतू दाट. बहुधा एक ते तीन महिन्यांत तो मेंदू गाठतो. क्वचित आठवड्यात, क्वचित वर्षानंतरही. हा प्रवास चालू असेपर्यंत माणूस निरोगी असतो, कामावर जातो, हसतो, जेवतो. हीच ती मुदत. तिचा शेवटचा दिवस मात्र नोटिशीवर लिहिलेला नसतो, म्हणून पहिला दिवस हाच शेवटचा समजावयाचा असतो.

या मुदतीचा उपयोग करता येतो, हे प्रथम सिद्ध केले ते लुई पाश्चर यांनी. ६ जुलै १८८५ रोजी पॅरिसमध्ये जोसेफ माइस्टर या नऊ वर्षांच्या मुलाला त्यांनी लस टोचण्यास आरंभ केला आणि तो मुलगा जगला. हिंदुस्थानातील पहिली पाश्चर संस्था १९०० साली कसौलीस निघाली, दक्षिणेतील १९०७ साली कुन्नूरला. कसौलीच्याच डेव्हिड सेम्पल यांनी मेंढीच्या मेंदूपासून केलेली लस १९११ पासून पुढे या देशात नऊ दशकांहून अधिक काळ वापरली गेली. आमच्या पिढीला परिचित असलेली ती बेंबीभोवतालची चौदा इंजेक्शने हीच. आमच्या भागातील ऐपतदार माणूस त्यासाठी हैदराबादेस नारायणगुड्याच्या संस्थेत जाई किंवा सोलापूरचा सरकारी दवाखाना गाठी. गरीब मांत्रिकाकडे जाई. त्या सालगड्याला मांत्रिक जवळचा होता, एवढेच.

ती लस २००४ अखेर आपल्या देशात बंद झाली. आता पेशींवर वाढविलेल्या विषाणूची निर्मळ लस दंडात देतात. सरकारी दवाखान्यांत बहुधा त्वचेत, दोन्ही दंडांवर एक दशांश मिलिलिटर, ती शून्याव्या, तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. (येथे चावा बसल्यानंतर लस सुरू झाली तो दिवस शून्य धरावयाचा असतो.) स्नायूत द्यावयाची असेल तर पाच मात्रा. गर्भारपण, बाळंतपण, तान्हेपण यांतील कशाचीही आडकाठी नाही. परंतु चौदा इंजेक्शनांची दहशत अशी की, त्यांचे नाव संपून वीस वर्षे झाली तरी गावात मुलाला कुत्रा चावला की, आई ते सांगण्याऐवजी लपविते. औषध बदलले, पण त्याविषयीची आठवण बदलली नाही.

लसीचे एक वैगुण्य मात्र समजून घेतले पाहिजे. लस शरीराला प्रतिकार शिकविते आणि शिकण्यास आठवडा-दोन आठवडे लागतात. जखम खोल असेल, तोंडावर असेल, तर तेवढा अवधी मिळेलच असे नाही. म्हणून जखमेतच तयार प्रतिपिंडे भरावी लागतात. यालाच लोक ‘सिरम’ म्हणतात. आमच्या कचेरीच्या भाषेत सांगावयाचे तर लस ही कायम नेमणूक आणि सिरम हा प्रभारी अधिकारी. कायम अधिकारी रुजू होईपर्यंत खुर्ची रिकामी राहू नये, म्हणून त्याची योजना. रिकाम्या खुर्चीचे परिणाम काय होतात याचा दाखला १९५४ साली इराणने दिला. तेथील सहाने या गावी एका पिसाळलेल्या लांडग्याने एका रात्रीत २९ माणसांना फाडले. डोक्याला जखमा झालेल्या १८ जणांपैकी पाचांना केवळ लस मिळाली. त्यांतील तिघे दगावले. तेरांना लसीबरोबर सिरमही मिळाले. त्यांतील एकच गेला. बाल्टाझार आणि बहमनयार या वैद्यकांनी हे नोंदविले आणि त्या दिवसापासून सिरम हा उपचाराचा अविभाज्य भाग ठरला.

लांडग्याची ही गोष्ट आमच्या माळरानांना परकी नाही. येथे लांडगा आहे, कोल्हा आहे, खोकड आहे, मुंगूस आहे. भीमेच्या पाण्यावर ऊस वाढला, तसा कोल्ह्याला दडावयास बारमाही रान मिळाले. मुळात हा रोग या देशात कुत्र्यांत टिकून आहे. माणसाचे शेकडा नव्वदांहून अधिक मृत्यू कुत्र्यामुळेच होतात. परंतु रानच्या जनावरालाही तो कुत्र्याकडून लागतो. दोन वर्षांपूर्वी तोडीच्या हंगामात आमच्या शेजारच्या फडावर एका तोडकरी बाईच्या मनगटास आणि गालास कोल्ह्याने चावा घेतला. दिवसाढवळ्या, माणसांच्या घोळक्यात शिरून. निरोगी कोल्हा असे करीत नाही. तिचा सासरा तिला घेऊन आमच्या ओट्यावर आला तो जखमेत तिखट भरूनच.

“रावसाहेब, गाल दुखतोय म्हनून आलो. कुत्रं न्हवं, कोल्हं हाय. कोल्ह्याला कशाला सुई?”

“अप्पा, कोल्ह्याला तर आधी सुई. चला, आधी पंपाखाली बसवा सुनेला.”

आम्ही पंप चालू केला, साबणाची नवी वडी काढली आणि घड्याळ लावून पंधरा मिनिटे त्या जखमा धुवावयास लावल्या. विषाणू साबणाला भितो, ही गोष्ट इतकी साधी आहे की, तिच्यावर कोणाचा विश्वास बसत नाही. जखमेवर पट्टी बांधू नये, टाका शक्यतो घालू नये, चुना-तिखट-हळद काही भरू नये, एवढे सांभाळून त्यांना घेऊन आम्ही निघालो. पहिल्या दवाखान्यात लस होती, सिरम नव्हते. “उद्या येईल,” असे सांगण्यात आले. लस तेथेच टोचून घेतली. दुसऱ्या ठिकाणी सिरम ठेवतच नाहीत असे कळले. तिसऱ्या ठिकाणी, रात्री नऊच्या सुमारास, तिला काट्यावर उभे करून वजनाप्रमाणे मात्रा काढली गेली आणि ती जखमेच्या कडेकडेने भरली गेली. गालात सुई जाताना ती बाई हूं की चूं न करता फळीवर लावलेल्या वेळापत्रकाकडे पाहत होती. तिला वाचता येत नव्हते.

खरी कसोटी पुढेच होती. त्वचेतील लशीच्या चार फेऱ्या म्हणजे चार दिवसांचा खाडा, आणि तोडीच्या मजुरीत खाडा म्हणजे मुकादमाच्या उचलीवर वाढलेले कर्ज. तीन फेऱ्या झाल्या. अठ्ठाविसावा दिवस येण्यापूर्वी टोळी सीमेपलीकडच्या कारखान्याकडे हलली. लसीचे कार्ड कन्नडमध्ये होते. ते तिकडच्या परिचारिकेस वाचता येईल की नाही, या शंकेने आम्ही कार्डाच्या पाठीमागे मराठीत सर्व मजकूर आणि तारखा लिहून दिल्या, खाली जुन्या सवयीने सहीही केली. शेवटच्या तारखेच्या संध्याकाळी त्या म्हाताऱ्याचा फोन आला : “झालं, रावसाहेब. तारीख चुकली न्हाई.” त्या वाक्याइतके समाधान आम्हांला एखाद्या फाइलीवरच्या मंजुरीने क्वचितच दिले असेल.

परंतु ही बाई वाचली ती एका निवृत्त माणसापाशी वेळ, गाडी आणि थोडी माहिती होती म्हणून. ज्यांच्या शेजारी असे कोणी नाही त्यांचे काय? भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीनुसार (२०२२-२३, पंधरा राज्ये, साठ जिल्हे) देशात वर्षाला सुमारे ९१ लाख लोकांना जनावरे चावतात आणि सुमारे ५,७०० माणसे रेबीजने मरतात. पूर्वीचे अंदाज १८ ते २० हजारांचे होते, तेव्हा घट झाली आहे हे खरे. परंतु ज्या रोगात वेळेवर उपचार केल्यास एकही माणूस मरू नये, त्यात हजारांत बोलणे हेच लाजिरवाणे आहे. त्याच पाहणीत चावा बसलेल्यांपैकी सुमारे पंचमांश लोकांनी लस मुळीच घेतली नसल्याचे आढळले. अनेकांना जखम किरकोळ वाटते. २०२५ च्या जूनमध्ये उत्तर प्रदेशातील एका राज्यस्तरीय कबड्डीपटूचा असाच मृत्यू झाला. नाल्यात पडलेले पिल्लू त्याने वाचविले, ते किंचित चावले. त्याने लस घेतली नाही. पिल्लू लहान होते, म्हणून जखमही लहान वाटली.

उरलेल्यांची वाट आपण अडवितो. लस आहे पण सिरम नाही. सिरम आहे पण ते जखमेत भरण्याची सवय नाही. औषध तालुक्याच्या गावी आहे पण शेवटची बस गेली आहे. या सर्वांवर उपाय निघत आहेत, ते नोंदविले पाहिजेत. डिसेंबर २०२२ मध्ये कर्नाटकाने मानवी रेबीज हा कळविणे बंधनकारक असलेला रोग ठरविला. पुण्याच्या सिरम इन्स्टिट्यूटने घोड्याच्या रक्ताऐवजी प्रयोगशाळेत तयार होणारी प्रतिपिंडे काही वर्षांपूर्वी बाजारात आणली. ७ नोव्हेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शाळा, रुग्णालये, बसस्थानके, रेल्वे स्थानके येथून मोकाट कुत्री हलविण्याचा जो आदेश दिला, त्यावर वृत्तपत्रांत पुष्कळ वाद झाला. सर्व रुग्णालयांनी लस आणि प्रतिपिंडे यांचा साठा सदैव ठेवावा, असेही त्याच आदेशात आहे. त्यावर वाद झाला नाही, म्हणून बहुधा ते कोणाच्या लक्षातही आले नाही. आमच्या दृष्टीने साऱ्या आदेशाचे वजन त्या एका कलमात आहे.

आणि कुत्र्यांचे काय करावे? या प्रश्नाचे उत्तर आपल्याच शेजारी, गोव्यात, मिळाले आहे. तेथे २०१३ पासून मिशन रेबीज या संस्थेच्या साह्याने शासनाने घरोघरची आणि रस्त्यावरची कुत्री जाळ्यात धरून टोचली, रंगाची खूण केली आणि सोडून दिली; दरवर्षी सुमारे शेकडा सत्तर कुत्र्यांपर्यंत लस पोहोचविण्याचे धोरण ठेवले. शाळांतून मुलांना शिकविले, संशयित कुत्र्याची वर्दी देण्यास दूरध्वनी ठेवला. २०१८ ते २०२१ या काळात गोव्यात माणसाचा एकही रेबीजमृत्यू नोंदला गेला नाही, आणि २०२१ मध्ये ते राज्य रेबीज-नियंत्रित क्षेत्र म्हणून घोषित झाले. कुत्र्यांना मारून हे झाले नाही. मारलेल्या कुत्र्याची जागा दुसरे, न टोचलेले कुत्रे घेते. टोचलेले कुत्रे मात्र आपल्या गल्लीचे रखवालदार बनते आणि रानातून आलेल्या रोगालाही वेशीवरच अडविते. आमच्या बीदरला तर पशुवैद्यकीय विद्यापीठ आहे. त्याच्या विद्यार्थ्यांची चार पथके, ग्रामपंचायतींचा थोडा पैसा आणि धनगरवाड्यांचे सहकार्य एवढ्यावर सीमेच्या दोन्ही बाजूंच्या गावांत हे काम उभे राहू शकेल. कुत्र्याला राज्यसीमा समजत नाही. ती समजून घेऊन एकाच आठवड्यात दोन्हीकडे टोचणी करणे हे माणसाचे काम आहे.

तोपर्यंत आपल्या हातात जे आहे ते फार थोडे नाही. आमच्या सभासदांत शिक्षक पुष्कळ आहेत. त्यांनी वर्गात एक तास याला द्यावा, कारण चावा बसणाऱ्यांत पंधरा वर्षांखालील मुले मोठ्या संख्येने असतात आणि ती मार चुकविण्यासाठी चावा लपवितात. मुलाला प्रथम सांगावे की, चावा सांगितला तर कोणी रागावणार नाही. मग सांगावे की नळाखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवायचे, त्याच दिवशी दवाखाना, आणि कार्डावरची प्रत्येक तारीख पाळायची. कुत्रे दहा दिवस ठणठणीत राहिले तर पुढचे डॉक्टर ठरवतील, परंतु त्या दहा दिवसांची वाट पाहत पहिली सुई लांबणीवर टाकायची नाही. ज्यांच्या गावच्या दवाखान्यात सिरम नाही, त्यांनी ते नाही अशी नोंद लेखी मागावी. तोंडी नकाराला उत्तर नसते, पण कागदावरच्या नकाराला वरिष्ठांना उत्तर द्यावे लागते, हे आम्ही अनुभवाने सांगतो. करजगीच्या शाळेच्या भिंतीवर या चार ओळी मराठीत आणि कन्नडमध्ये रंगवून घेण्यास ग्रामपंचायतीने संमती दिली आहे. रंगाचा खर्च फारसा नाही. येत्या पेरणीपूर्वी ते काम पुरे व्हावे, असा आमचा प्रयत्न आहे.